सा प सा म प सा

गिटार घ्या, डाव्या हाताने काहीच दाबू नका आणि सहाही तारांवरून अंगठा फिरवा. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये, म्हणजे सहाव्या, सगळ्यात जाड तारेपासून पहिल्या, सगळ्यात बारीक तारेपर्यंत ई ए डी जी बी ई असं लावलेलं असताना जे ऐकू येतं ते कुठल्याच सुरावर टेकत नाही. कानाला टोचत नाही, पण ते मुद्दाम वाजवत बसावं असंही कुणाला वाटणार नाही. आता सहावी, दुसरी आणि पहिली या तीन तारा एकेक पूर्ण सूर खाली उतरवा. डी ए डी जी ए डी. परत अंगठा फिरवा. आता मात्र सगळं एका ठिकाणी येऊन बसतं, खोली भरते, आणि तुम्ही अजून एकही बोट ठेवलेलं नसतं.

हेच आपल्या भाषेत लिहायचं तर सा प सा म प सा. षड्ज तीनदा, पंचम दोनदा आणि मध्ये एक मध्यम. गंधार नाहीच, शुद्धही नाही आणि कोमलही नाही, तो तुम्ही ठरवायचा. त्यामुळे पाश्चात्त्य कानांना हे ना धड मेजर वाटतं ना मायनर, आणि आपल्या कानांना ते तंबोऱ्याच्या बरंच जवळचं वाटतं.

गिटारवाले याला डॅडगॅड म्हणतात आणि याचं श्रेय डेव्ही ग्रॅहमला देतात. १९४० सालचा जन्म, इंग्लंडमधला वादक. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो मोरोक्कोत टँजियरला राहिला, तिथल्या ऊद या तंतुवाद्याच्या वादकांबरोबर वाजवताना आपली गिटार सारखी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीनचार सूर, मागते आणि त्यांचं संगीत कॉर्ड मागतच नाही हे त्याच्या लक्षात आलं असणार, कारण त्याने तारा अशा लावल्या की खाली एक सूर धरून वर चाल फिरवता येईल. १९६३ साली एक आयरिश लोकगीत त्याने याच ट्यूनिंगमध्ये रेकॉर्ड केलं आणि नावापुढे चक्क 'ब्लू रागा' असं छापलं. पुढे लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जिमी पेजने १९७५ मध्ये 'काश्मीर'साठी हेच वापरलं, आणि अल्जीरियात जन्मलेला पिअर बेन्सुसान तर कित्येक दशकं जवळजवळ फक्त यातच वाजवतोय. त्याचं ऐकलंत तर कळेल की हा माणूस या ट्यूनिंगमध्ये पाहुणा नाही, तिथेच राहतो.

मी ज्या क्लासमध्ये गिटार शिकले तिथे पहिल्या दिवशी ट्यूनर दिला, हिरवा दिवा लागेपर्यंत खुंटी फिरवायची म्हणून सांगितलं आणि थेट कॉर्डच्या चार्टवर आणलं. सी, जी, डी, ए मायनर. सर चांगले होते, मन लावून शिकवायचे, पण खुंट्या दुसरीकडेही फिरवता येतात हे त्या सगळ्या काळात कुणी म्हणालं नाही. ट्यूनिंग म्हणजे वाजवण्याआधी उरकायचं काम. आणि घरी मात्र माझी आत्या गायला बसायच्या आधी तंबोरा जुळवत बसायची ते अर्धं गाणंच असायचं, तिच्या मते तर अर्ध्याहून जास्त. मला आता ठामपणे वाटतं की गिटारवाल्यांचं इथे फार मोठं नुकसान झालंय. वाद्य कसं लावायचं हा निर्णय वाजवणाऱ्याचा असतो, त्याच्या हाताचा, गळ्याचा, त्याला काय वाजवायचंय त्याचा, आणि हा निर्णयच आपल्या हातून काढून घेऊन ट्यूनरला दिला गेलाय.

गायिका जोनी मिशेलचं उदाहरण घ्या. १९४३ चा जन्म, कॅनडात वाढली, नऊ वर्षांची असताना पोलिओ झाला. डावा हात कमजोर राहिला. चार्टमधल्या कॉर्ड धरायला जे जोर लावून ताणावं लागतं ते तिला जमेना, मग तिने हाताला छळायच्या ऐवजी तारा हलवल्या. दोन बोटांत, एका बोटात, कधी बोट न लावता हवी ती कॉर्ड येईल अशा. करत करत पन्नासहून जास्त ट्यूनिंग झाली. त्यातल्या कॉर्डना पुस्तकात नावंच नाहीत बऱ्याचदा, ऐकणाऱ्याला वाटतं केवढी अवघड गोष्ट चालली आहे आणि डाव्या हाताचं एक बोट नुसतं वरखाली सरकत असतं.

एवढी ट्यूनिंग लक्षात कशी ठेवायची? तिच्या ट्यूनिंग लिहायची एक पद्धत आहे आणि ती मला इतकी आवडते की माझ्या वहीत आता सगळं तसंच लिहिलेलं आहे. सगळ्यात जाड तारेचा सूर आधी लिहायचा, मग पुढची प्रत्येक तार तिच्या आधीच्या तारेच्या कितव्या फ्रेटशी (गिटारच्या दांडीवरच्या अर्ध्या-अर्ध्या सुराच्या आडव्या पट्ट्यांशी) जुळते तो आकडा. स्टँडर्ड म्हणजे ई ५५५४५. डॅडगॅड म्हणजे डी ७५५२५. बस. मैत्रिणीला मेसेजवर पाठवलं की ती तिकडे ट्यूनरशिवाय लावून मोकळी. आणि आकडे बघता बघता कळायला लागतं, सात दिसला की सा ते प, पाच दिसला की प ते वरचा सा किंवा सा ते म. ट्यूनिंगचा सांगाडाच समोर येतो.

पण हे सगळं साठच्या दशकात सुरू झालं असं समजायचं कारण नाही. हवाई बेटांवर याच्याही आधी शंभरेक वर्षांपासून चाललंय.

तिथे गुरंच नव्हती. १७९३ साली जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज कप्तानाने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली, राजाने ती मारायला बंदी घातली, आणि ती रानोमाळ इतकी वाढली की शेतं तुडवायला लागली. मग १८३० च्या दशकात तिसऱ्या कामेहामेहाने मेक्सिकोकडचे गुराखी बोलावले, स्थानिक लोकांना गुरं वळायला शिकवा म्हणून. ते आले ते गिटारी घेऊन. नंतर बरेचसे परत गेले, गिटारी राहिल्या, असं सांगतात. कशा लावायच्या, कशा वाजवायच्या हे पूर्ण शिकवायला कुणी थांबलं नाही, तर लोकांनी त्या आपल्या गळ्याला आणि आपल्या गाण्याला जुळतील अशा लावल्या. तारा सैल करून. अंगठ्याने खालच्या तारांवर आधार आणि वरच्या तारांवर चाल, एकट्या माणसाला दोन माणसांचं काम करता यावं असं. याला तिकडे की होआलू म्हणतात, इंग्रजीत स्लॅक की.

त्यातलं सगळ्यात चालतं ट्यूनिंग म्हणजे ओपन जी, मोकळ्या तारा छेडल्या की जीची कॉर्ड वाजते ते: डी जी डी जी बी डी, आपल्यात प सा प सा ग प. पण मला वेड लावलं ते वाहिने नावाच्या प्रकाराने. त्यात ओपन जीची तिसरी तार अर्धा सूर उतरवतात. प सा प नि ग प. म्हणजे सा जिथे असायला हवा तिथे नि ठेवलेला आहे, तार मोकळी छेडली की नि वाजतो आणि लगेच पहिल्या फ्रेटवर बोट आपटलं की सा. ही नि-सा ची हरकत तिथल्या वादनात सतत येते, आणि ती कुणाच्या बोटांची करामत नाहीये, ती खुंटीतच लावून ठेवलेली आहे! मी पहिल्यांदा हे लावलं तेव्हा एवढीच एक हरकत करत किती वेळ बसले होते कोण जाणे.

ही ट्यूनिंग घराघरात जपलेली असायची. बाहेरच्याला सांगायची नाहीत, गिटार खाली ठेवताना खुंट्या फिरवून ठेवायच्या म्हणजे कुणी उचलून बघितलं तरी पत्ता लागू नये. आपल्याकडे घराण्यांनी चिजा लपवल्या त्यातलाच प्रकार, आणि त्याचं जे व्हायचं तेच झालं, वाजवणारी म्हातारी माणसं गेली तशी काही ट्यूनिंगही गेली असणार. १९७३ साली किओला बीमरने स्लॅक की शिकवणारं पुस्तक काढलं, आणि आज माझ्यासारखी पुण्यात बसलेली बाई वाहिने लावते ती अशा माणसांमुळे. मला याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

याच बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या पोराने, १८७४ चा जन्म, गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवायला सुरुवात केली. आता तुकडा सरळ असल्यामुळे सगळ्या तारा एकाच वेळी एकाच ठिकाणी दाबल्या जातात, त्यामुळे इथे ओपन ट्यूनिंग ही आवड राहत नाही, गरजच होते. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हवाईयन गिटारचं वेड जगभर पसरलं, भारतात पोचलं, कोलकात्यात तर घट्ट रुजलं. ताउ मो आणि त्यांचं कुटुंब हवाईयन संगीत घेऊन जग फिरत होतं, ते चाळीसच्या दशकात तिथे राहिलेच. जुन्या घरांत सुनील गांगुलींच्या, व्हॅन शिपलींच्या सिनेगीतांच्या रेकॉर्ड असतात, त्यातला तो लांबच लांब घसरत जाणारा आवाज हाच.

आणि मग जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी ती गिटार रागासाठी घेतली. अली अकबर खाँसाहेबांचे ते शिष्य. १९६७ मधल्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसादजींची बासरी लोकांना आठवते, गिटार काब्रांची आहे हे बऱ्याच जणांना सांगावं लागतं. परत ऐका, फक्त गिटारकडे लक्ष ठेवून. त्यांच्यानंतर विश्वमोहन भट्टांनी चिकारीच्या (मध्येमध्ये सा छेडायच्या) आणि तरफेच्या (आपोआप घुमणाऱ्या) तारा लावून मोहनवीणा केली, आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या त्यांच्या अल्बमला १९९४ चं ग्रॅमी मिळालं. मेक्सिकोच्या गुराख्यांची गिटार हवाईवरून येऊन आपल्याकडे मींड घ्यायला, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, लागली. कॉर्डच्या चार्टने हे होऊ दिलं नसतं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ब्लूजवाल्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. ते ओपन जीला 'स्पॅनिश' आणि ओपन डीला 'व्हेस्टापोल' म्हणायचे. ही नावं एकोणिसाव्या शतकात हेन्री वॉरलने दिवाणखान्यात वाजवायला म्हणून लिहिलेल्या दोन गिटारच्या तुकड्यांवरून आली, एक स्पॅनिश फँडँगो आणि दुसरा सेबास्टोपोलच्या वेढ्यावरचा. शहरातल्या मुलींसाठी छापलेले कागद, त्यातली ट्यूनिंग शेतमजुरांच्या हातात गेली आणि त्यातून सन हाउस, रॉबर्ट जॉन्सन निघाले. स्किप जेम्सने १९३१ साली जे रेकॉर्ड केलं त्यातलं बरंचसं मायनर ट्यूनिंगमध्ये, सा प सा ग प सा, पण ग कोमल. रात्री एकटीने ऐकवत नाही मला ते. आणि रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ओपन जी लावून सहावी तार काढूनच टाकली, कारण ती प आहे, साच्या खाली वाजते आणि पाया हलवते. उरलं सा प सा ग प. आधाराला सगळ्यात खाली सा हवा, हे आपल्याला नव्याने शिकावं लागत नाही.

आता आत्या.

तिचा तंबोरा मिरजेचा आहे, सतारमेकर गल्लीतला, जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला. तिची पट्टी काळी चार. एकदा तिच्याकडे गेले तेव्हा गिटार बरोबर होती, ओपन जी लावलेली, पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, टाकला की सा बरोबर काळी चारवर येतो. म्हटलं भूप म्हण. भूपात सा रे ग प ध, म्हणजे माझ्या मोकळ्या तारांवरचे सगळे सूर, प सा ग, भूपातलेच, काहीही छेडलं तरी रागाबाहेर जायची भीती नाही. तिने तंबोरा लावला, मी हळूहळू तारा छेडत राहिले, तिने सा लावला, रे घेतला, गंधारावर आली आणि थांबली.

"गंधार चढाय गं तुझा."

"ट्यूनरवर बरोबर आहे आत्या, हे बघ, हिरवा."

"तो काय हिरवा-पिवळा असेल तो असू दे. तंबोऱ्यातला ऐक आणि तुझा ऐक."

दोघांचंही बरोबर होतं, ट्यूनरचं आणि तिचंही. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतो, एकेक तुकडा शंभर सेंटचा, त्यात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. सा च्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार, ज्याला आपण स्वयंभू म्हणतो तो, ३८६ सेंटवर असतो. फरक १४ सेंटचा. एरवी कॉर्ड वाजवताना तो खपून जातो, पण शेजारी जवारीदार, गुंजणारा तंबोरा चालू असेल आणि गंधाराची तार सतत मोकळी वाजत असेल तर तो लपत नाही. हार्मोनियमबद्दलची तक्रार यातलीच होती, आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला बाहेर ठेवलं त्याच्या कारणांत हेही एक.

मग आम्ही तो गंधार जुळवला. कसा ते नीट सांगते कारण हे करून बघण्यासारखं आहे. पाचव्या तारेवर, म्हणजे सा च्या तारेवर, कॅपोपासून चौथ्या फ्रेटच्या अगदी किंचित मागे बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि छेडून लगेच उचलायचं. बारीक, घंटेसारखा सूर निघतो. तो पाचवा हार्मोनिक, खरा गंधार. लगेच दुसऱ्या तारेवर कॅपोपासून बाराव्या फ्रेटवर तसंच बोट टेकवून तिचा हार्मोनिक काढायचा. दोन्ही एकत्र वाजू द्यायचे. ट्यूनरने लावलेलं असेल तर आवाजात हेलकावे ऐकू येतात, वॉंव वॉंव वॉंव, सेकंदाला साधारण ४. आता दुसऱ्या तारेची खुंटी केसभर उतरवायची. हेलकावे संथ होतात. तीन, दोन, मग एकेक हेलकावा लांबत जातो, आणि मग जागेवर थांबतो. आत्या डोळे मिटून ऐकत होती, हेलकावा थांबला त्याच क्षणी तिने हात वर केला. तिला सेंट-बिंट काही माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. आयुष्यभर ती तंबोऱ्याच्या खुंटीवर आणि मण्यावर हेच करत आलीये.

त्यानंतर ती भूप गायली तेव्हा गिटारचा आवाज तंबोऱ्यापासून वेगळा काढता येईना.

याची किंमत मोजावी लागते. दुसरी तार उतरवली की तिच्यावरचा प्रत्येक फ्रेट तेवढाच उतरतो. पहिल्या फ्रेटवरचा मध्यम उतरलेला, तिसऱ्यावरचा पंचम उतरलेला. भूपात मध्यम नाही म्हणून सुटका, आणि पंचम पहिल्या मोकळ्या तारेवरून घ्यायचा. आडवं बोट टाकून सगळ्या तारा एकदम दाबल्या तर सगळंच सारखं सरकतं, तेव्हा ते चालतं, मांडीवरच्या गिटारला तर हा प्रश्नच येत नाही. म्हणजे एकदा गंधार खरा लावलात की कुठला सूर कुठल्या तारेवर घ्यायचा याचा विचार आला. मला हा विचार करायला आवडतो. आपण काय वाजवणार आहोत हे आधी ठरवून वाद्य त्यासाठी लावायचं, दुसरा राग घेतला की परत लावायचं.

काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण यावरून लोक अडतात. तार एक पूर्ण सूर उतरवली की तिचा ताण साधारण २० टक्के कमी होतो, म्हणून १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) सेटवर तारा फ्रेटला लागून खरखर करतात. जास्त उतरवणार असाल तर १३ चा सेट घ्या. तार उतरवल्यावर थोड्या वेळात आपोआप चढते, तेव्हा हव्या सुराच्या खाली जाऊन मग वर या, आणि तार हलकेच ओढून परत तपासा. नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचेत तार अडकून टिक् असा आवाज येत असेल तर खाचेत साधी शिसपेन्सिल फिरवा, शिशाने तार सरकते. आणि वाढदिवसाला वगैरे गाणी वाजवायला दुसरी एखादी स्वस्तातली गिटार स्टँडर्डमध्ये लावून ठेवा, नाहीतर सारखं उतरव-चढव करून तारा लवकर मरतात.

सध्या माझं मालकंसावर चाललंय. त्यात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोरा मध्यमात लावतात, म सा सा सा. डॅडगॅडमध्ये दोन पंचम आहेत, त्या दोन्ही तारा, पाचवी आणि दुसरी, जीवर उतरवल्या की सा म सा म म सा. वहीतल्या पद्धतीने डी ५७५०७. तिसरी आणि दुसरी या दोन तारा एकच मध्यम बोलतात आणि त्या दोघींमध्ये जराशी जरी कसर राहिली तरी तेच हेलकावे ऐकू येतात, जुळल्या की मात्र मध्यम असा उभा राहतो की बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. पूर्ण राग एकट्या पहिल्या तारेवर मांडलेला आहे, तिसऱ्या फ्रेटवर कोमल गंधार, पाचव्यावर मध्यम, आठव्यावर कोमल धैवत, दहाव्यावर कोमल निषाद आणि बाराव्यावर वरचा सा. तिसऱ्या फ्रेटवरून तार ओढून मध्यमापर्यंत मींड नेता येते, पूर्ण सूर ओढावा लागतो, बोट दुखतं, पण येते.

दुसरी तार मात्र इतकी उतरवल्यावर लोळते, छेडली की फ्रेटवर आपटते. तिथे सेटमधली तार काढून २० ची जाड तार लावून बघणार आहे, आजच आणली. तुमच्याकडे गिटार असेल तर डी ५७५०७ लावा आणि कोमल गंधार पहिल्या तारेवर ओढून जास्त बोलतो की चौथ्या तारेवरचा खालचा, जाड आवाजातला, ते मला सांगा. मला चौथीवरचा आवडतोय, पण आत्याला अजून ऐकवलेला नाही.